बिबट्याची वाट आणि नगराचा आराखडा

सन २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून वाचविलेला एक बिबट्या गळ्यात यंत्रपट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडीत, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईनजीकच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. डोंगरदऱ्यांनी त्याला अडविले नव्हते. अडविले ते डांबराने.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे उद्यान आज तिन्ही बाजूंनी इमारतींनी वेढलेले आहे. उत्तरेला नागला वनखंड आणि त्यापलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य, हीच काय ती मोकळी दिशा. आणि नेमका तेथेच घोडबंदर रस्ता आडवा येतो. वाट तुटली की वन्यजीवांचे बेट होते. नवे रक्त मिसळत नाही, तरुण नर बाहेर पडू शकत नाहीत, आणि बाहेर पडलेच तर वस्तीत शिरतात. मग पिंजरे लावण्याची ओरड सुरू होते.

'शोषण नव्हे, दोहन' हे सूत्र व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी ते निविदेतही उतरवायला हवे. वाघोबाला शेंदूर लावून त्याच्या सीमेत राहणाऱ्या वारली बांधवांना हे कोणी शिकविले नव्हते. विकासाला विरोध म्हणून हा विषय झटकून टाकणे म्हणजे विकासाविषयीचेच अज्ञान होय.

उपाय शोधण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचेही कारण नाही. नागपूर-शिवनी दरम्यान पेंच व्याघ्र प्रकल्पालगत राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ बांधकामे उभी आहेत. सर्वांत लांब ७५० मीटरचे. वर वाहने, खाली जंगल. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी २०१९ मध्ये तेथे वाघासह १८ प्रजातींची ये-जा टिपली. मात्र हे सहज झाले नाही. खर्चाची कुरकुर झाली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. आराखड्यातच तरतूद असती तर ती वर्षे वाचली असती.

शहरात काम अधिक अवघड आहे, कारण येथे जागा नाही आणि रात्रही नाही. पाण्यासाठी बांधलेली अरुंद मोरी दाखवून 'प्राण्यांची सोय केली' म्हणणे ही धूळफेक आहे. बिबट्याला पलीकडचा उजेड दिसला पाहिजे, पायाखाली माती लागली पाहिजे. दिव्यांचा झोत आणि भोंग्यांचा आवाज रोखणारी भिंत हवी. दोन्ही बाजूंनी कुंपण असे हवे की ते प्राण्याला थेट त्या तोंडाशी आणून सोडील. कुंपणाविना बांधलेला मार्ग हा निव्वळ सिमेंटचा खर्च. आणि तोंडाशी कचऱ्याचा ढीग साचला तर भटकी कुत्री जमतील, त्यांच्यामागे बिबट्या, बिबट्यामागे माणसांची गर्दी. म्हणजे घनकचरा खात्यालाही या कामात बसवावे लागेल.

ठाणे-बोरिवली व गोरेगाव-मुलुंड या मार्गांसाठी माणसांच्या सोयीचे बोगदे उद्यानाच्या पोटातून काढण्याची योजना हाती घेण्यात आली. वरचे जंगल त्यामुळे वाचते, हे मान्य करावे. पण डोंगर पोखरण्याचे सामर्थ्य असलेल्या यंत्रणेला घोडबंदर रस्त्याचा काही मीटरांचा पट्टा उचलून धरणे परवडत नाही, हे पटण्यासारखे नाही. त्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा प्रत्येक प्रस्ताव नागला खंडातील ओलांडमार्गाच्या नकाशासह आणि त्याच्या देखभालीच्या तरतुदीसह मांडला गेला पाहिजे. अन्यथा वनखात्याने त्याला संमती देऊ नये.