मातृयानावरची टपालपेटी

परवा स्पीलबर्गचा १९७७ चा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ पुन्हा पाहिला आणि २०२२ मध्ये गेलेले प्रतिकृतीकार ग्रेग जाइन आठवले. चित्रपटात डोंगरामागून वर येणारं परग्रहवासीयांचं ते अजस्र मातृयान म्हणजे त्यांनी सहकाऱ्यांसह घडवलेली प्रतिकृती. खेळण्यातल्या आगगाड्यांचे सुटे भाग चिकटवता चिकटवता या मंडळींनी त्यावर एक टपालपेटी, एक फोक्सवॅगन आणि चक्क इवलीशी दफनभूमीही बसवली! परग्रहवासीयांनाही पत्रं येत असावीत. पडद्यावर हे कुणालाच दिसणार नव्हतं, तरी त्यांनी ते केलं. आज ते यान व्हर्जिनियातल्या स्मिथसोनियनच्या विमान संग्रहालयात आहे. माझं मत ठाम आहे: हातांनी घडवलेल्या वस्तूवर पडलेल्या खऱ्या उजेडाची सर संगणकाच्या चित्राला येत नाही.