आउटपुट मॅच झालं का?

कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलला लॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळा कोणता प्रश्न विचारला जातो? "पॅकेट गेलं कुठे?" नाही. "एवढा उशीर का लागला?" मुळीच नाही. प्रश्न एकच. "ए, आउटपुट मॅच झालं का?" आता मॅच कशाशी, तर मागच्या वर्षीच्या जर्नलशी. आणि ते कशाशी मॅच झालं होतं? त्याच्या मागच्या वर्षीच्या! म्हणजे आपल्या डिपार्टमेंटमध्ये एक ग्राफ पिढ्यानपिढ्या वारसा हक्काने चालत आलाय. तो पहिल्यांदा कुणी काढला, हे कुणालाच ठाऊक नाही.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी, त्यामुळे मराठी थोडं बोलल्यासारखंच येणार. चालवून घ्या. पण मुद्दा गंभीर आहे.

माझं म्हणणं असं की नेटवर्क ही मुळातच दुसऱ्यांबरोबर वाटून घेण्याची गोष्ट आहे. एकट्याने, एका पीसीवर, उत्तर आधीच माहीत असताना ती शिकता येत नाही. म्हणून नेटवर्क्सच्या दहा प्रॅक्टिकल्सपैकी निदान तीन तरी सामायिक टेस्टबेडवर व्हायला हवीत.

टेस्टबेड म्हणजे काय ते ज्युनिअर्ससाठी थोडक्यात सांगते. एका किंवा अनेक विद्यापीठांत ठेवलेली खरी मशीन्स, त्यांना जोडणाऱ्या खऱ्या लाइन्स, आणि दुरून लॉगिन करून त्यातली हवी तेवढी काही तासांसाठी मागून घेण्याची सोय. अमेरिकेत युटा विद्यापीठाने २००० साली एम्युलॅब सुरू केलं. २००२ मध्ये प्लॅनेटलॅब आलं. त्यात जगभरच्या शेकडो संस्थांमधली मिळून हजारावर मशीन्स होती. ते २०२० मध्ये बंद झालं. जेनी नावाचं मोठं टेस्टबेड २०२३ मध्ये बंद झालं. त्यांची जागा घ्यायला क्लाउडलॅब (२०१४) आणि फॅब्रिक उभी राहिली. यातली गंमत अशी की शेजारच्या मशीनवर कुणी पीएच.डी. वाला डोकं खाजवत बसलेला असतो, आणि त्याच यंत्रणेवर एखाद्या कॉलेजचा अख्खा वर्ग आपला टी.सी.पी.चा प्रयोग करत असतो.

"सिम्युलेटरवर तेच होतं की!" असं म्हणणारे बरेच भेटतील. होतं, पण अर्धंच होतं. एक साधं गणित करू. टी.सी.पी.च्या हेडरमध्ये विंडोचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट्स. तेवढे पाठवले की पोच येईपर्यंत हात बांधून बसायचं. आपल्या लॅबमध्ये पोच यायला समजा अर्धी मिलिसेकंद लागते. त्या हिशेबाने सेकंदाला जवळजवळ १ गिगाबिट जाऊ शकतं, म्हणजे विंडो आड येतेय हे कधी कळणारच नाही. आता समोरचं मशीन युटामध्ये आहे असं समजा. मुंबईपासून सरळ रेषेत साधारण १३ हजार किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद तर निव्वळ प्रकाशाचेच. केबल काही सरळ रेषेत जात नाही, तेव्हा २०० धरू. तीच विंडो, तोच प्रोग्रॅम, लाइन १०० मेगाबिटची, आणि हातात येतात फक्त २.६ मेगाबिट! म्हणूनच १९९२ मध्ये विंडो मोठी करण्याची सोय टी.सी.पी.त घालावी लागली. आजची ऑपरेटिंग सिस्टिम ती आपोआप वापरते. ती सोय बंद करून एकदा पाहा, पुस्तकातलं अख्खं प्रकरण पाच मिनिटांत डोळ्यांसमोर उभं राहतं.

आता हे सिम्युलेटरवर २०० मिलिसेकंद टाइप करूनही दिसेल, मान्य. पण जे टाइप केलं तेच दिसेल. खऱ्या नेटवर्कवर आपण टाइप न केलेलंही खूप काही दिसतं: दुसऱ्यांची ट्रॅफिक, भरलेली रांग, मध्येच बदललेला रस्ता. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला. अंतर किती? फक्त ४०० यार्ड! प्रोग्रॅम तसा कुणाचाच बिघडला नव्हता. जो तो आपलं पॅकेट हरवलं समजून पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि सगळे मिळून रस्ता तुंबवत होते. त्यावर विचार करून व्हॅन जेकबसनने १९८८ मध्ये जो उपाय मांडला, तोच आपण "स्लो स्टार्ट" म्हणून परीक्षेत पाच मार्कांना लिहितो. हा रोग गर्दीचा होता. एकट्याच्या पीसीवर तो झालाच नसता.

मी मढची, म्हणून राउटिंग मला पुस्तकाआधीच कळलं होतं असं गमतीने म्हणते. आमच्या जेट्टीवरून समोर वर्सोवा दिसतं. फेरीने काही मिनिटं. रस्त्याने जायचं तर मालाडवरून वळसा घालून वीसेक किलोमीटर. कमी अंतर म्हणजे कमी वेळ का? फेरीला रांग असेल, ओहोटी असेल, तर हिशेब बदलतो. समुद्र खवळला की फेरी बंद, मग मालाडची बस. नकाशा तोच राहतो, रस्ता मात्र रोज नव्याने ठरतो. त्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या अनेक केबल्स उतरतात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल्स तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रडतखडत चालू लागलं. बंद पडलं नाही, कारण बरीच ट्रॅफिक दुसऱ्या बाजूने वळवली गेली. म्हणजे फेरी बंद, मालाडवरून चला! असा वळसा प्रत्यक्ष मोजायला मिळाला, तर राउटिंगचा धडा कुणाला पाठ करावा लागेल?

आणि हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. भारतातल्या शैक्षणिक नेटवर्कची, अर्नेटची, सुरुवात १९८६ च्या सुमारास झाली. त्यात पाच आय.आय.टी.आणि बंगलोरच्या आय.आय.एस्सी.बरोबर जुहूची एन.सी.एस.टी. ही संस्था होती. जुहू म्हणजे आमच्या मढहून खाडीपलीकडे, वर्सोव्याच्या थोडं खाली. तिथे डॉ. श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी टेलिफोनच्या लाइनवरून पवईच्या आय.आय.टी.शी ई-मेलची देवाणघेवाण करत होते. पुढे अमेरिकेशी जोडणारी लाइन आली ती सेकंदाला ९,६०० बिट्सची. आज एक साधा फोटो त्यावरून न्यायचा तर अर्धा-पाऊण तास लागेल. तेवढी बारीक लाइन देशभरच्या संस्था वाटून वापरत होत्या! रमणी सरांचं नाव २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं. त्या पिढीला टेस्टबेड आयता मिळाला नव्हता. त्यांचं रोजचं नेटवर्क हाच त्यांचा प्रयोग होता.

पवईचं आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. आय.आय.टी. मुंबईने एक छोटं यंत्र बनवलं: तापणारी पट्टी, एक पंखा, एक तापमानाचा सेन्सर. विद्यार्थ्याने आपल्या गावातून स्लॉट बुक करायचा, सायलॅबमध्ये कंट्रोलर लिहायचा आणि इंटरनेटवरून पवईतला तो पंखा फिरवायचा. विषय कंट्रोल सिस्टिमचा, पण नेटवर्कच्या मुलांनाही धडा मिळतोच, कारण कमांड उशिरा पोचली की तापमान हाताबाहेर जातं. त्याच आय.आय.टी.ने पालघरमधल्या खामलोलीच्या आसपास टीव्हीच्या रिकाम्या यू.एच.एफ. बँडवर गावांना इंटरनेट देण्याचा टेस्टबेड उभारला. झाडीतून ही लहर वाय-फायपेक्षा दूर जाते, हे तिथे झाडांमध्येच पाहिलं गेलं. त्या ग्राममार्ग प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

आता सगळ्यात अवघड भाग, तो म्हणजे वाटून घेणं. टेस्टबेड मिळाला तरी आपण तो कसा वापरू? डोळे मिटा आणि सबमिशनची आदली रात्र आठवा! सत्तर जण एकदम मशीन्स मागणार, पन्नास जणांना "उपलब्ध नाही" येणार, आणि ज्यांना मिळाली ते झोपून जाणार, मशीन अडवून. हसू नका, हे मोठमोठ्या रिसर्चवाल्यांनीही केलंय. प्लॅनेटलॅबवर कॉन्फरन्सची तारीख जवळ आली की गर्दी उसळायची. म्हणूनच एम्युलॅबवर रिकामं पडून असलेलं मशीन आपोआप काढून घेतलं जायचं.

आमच्या कोळीवाड्यात ही अक्कल फार जुनी आहे. समुद्र काही कुणाच्या बापाचा नाही, तरी डोलीचं जाळं कुणी कुठेही लावत नाही. ज्याची त्याची जागा ठरलेली. बर्फ आणि डिझेल सोसायटीतून, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणजे बंद. त्या दोन महिन्यांत हात आखडतो, घरोघरी जाणवतं. पण सगळ्यांनीच ओरबाडलं तर उद्या कुणालाच काही उरणार नाही, हे कुणाला व्हायव्यात विचारावं लागत नाही. मला वाटतं, टेस्टबेडवरचं पहिलं शिक्षण हेच. काम झालं की मशीन सोडा. पुढचा रांगेत आहे.

स्टाफच्या अडचणी मला दिसतात, आणि त्या खोट्या नाहीत. अशा टेस्टबेडवर प्रोजेक्ट शिक्षकाच्या नावावर उघडावा लागतो. मुलांनी तिथून बाहेरच्या नेटवर्कवर उद्योग केले तर उत्तर सरांना-मॅडमना द्यावं लागणार. कॉलेजच्या फायरवॉलमधून एस.एस.एच. जात नाही. सेमिस्टर आधीच आखूड. शिवाय परदेशी टेस्टबेड आज आहे, उद्या बंद होईल, जेनीचं झालंच ना. म्हणून एकदम मोठी उडी नकोच. माझ्या सूचना साध्या आहेत:

एक, स्टोअरमध्ये पडलेले दहा जुने पीसी आणि एक स्विच काढा. लिनक्स टाका. त्यातली टी.सी. नावाची कमांड पाहिजे तेवढा उशीर आणि लॉस घालून देते. हा आपला घरचा टेस्टबेड. दारावर स्लॉटचा तक्ता लावा, बॅचवार.

दोन, आधी प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर मिनिनेटमध्ये प्रयोग चालवून दाखवायचा, मगच स्लॉट. म्हणजे टायपिंगच्या चुका शोधण्यात सामायिक वेळ जाणार नाही. ज्याच्याकडे चांगला लॅपटॉप नाही त्याला लॅबचा पीसी आधी.

तीन, हे सुरळीत चाललं की एक प्रोजेक्ट बाहेरच्या टेस्टबेडवर मागा. अर्ज करायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. तो कमी करायला फायनल इयरची मुलं मदतीला घ्या. फायरवॉलमधून एकाच ठरलेल्या मशीनला वाट द्या. आणि हो, आपली सकाळ म्हणजे युटाची रात्र, त्यामुळे आपल्या प्रॅक्टिकलच्या वेळी तिकडची गर्दी कमी असण्याची शक्यता जास्त!

चार, आणि हीच खरी मेख आहे: मार्क्स. खऱ्या नेटवर्कवर दोघांचे ग्राफ सारखे येणार नाहीत. सोमवारचा आकडा मंगळवारी येणार नाही. मग "आउटपुट चुकलं" म्हणून मार्क कापले, तर मुलं काय करतील? खरा ग्राफ फाडतील आणि वारसा हक्काचा चिकटवतील. आज नेमकं हेच शिकवलं जातंय, की आकडा आपल्या डोळ्यांना वेगळा दिसला तरी जर्नलमध्ये ठरलेलाच लिहायचा. उद्या हीच मुलं हॉस्पिटलचं, बँकेचं, रेल्वेचं नेटवर्क सांभाळणार आहेत. तिथे मागच्या वर्षीचं जर्नल मिळत नाही. म्हणून दहापैकी सहा मार्क "आकडा वेगळा का आला?" या उत्तराला द्या. एक्स्टर्नलनाही तसं आधी सांगा.

हॉस्टेलवाल्यांना वेगळं काही सांगायला नको. रात्री अकराला सगळ्या विंगने एकदम मॅच लावली की वाय-फायचं काय होतं ते आपण रोज भोगतो, आणि शिव्या मात्र राउटरला देतो. त्या वेळी एकदा पिंग लावून आकडे लिहून काढा. पहाटे पाचला परत लावा. दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि फरक का पडला ते चार ओळींत लिहा. परवानगी लागत नाही, बजेट लागत नाही, आणि कुणाशी मॅच तर अजिबात करावं लागत नाही. ज्यांनी ज्यांनी लिहिलंय त्यांनी तो कागद घेऊन डिपार्टमेंटमध्ये या. दहा पीसी मागायला मी एकटी गेले तर सर हसतील, चाळीस कागद घेऊन गेलो तर वाचतील.