भुंग्याचे घर, आपले घर



आमच्या घराच्या मागील पडवीत एक झोपाळा आहे. गतवर्षी फाल्गुनात एके सकाळी त्याच्या गादीवर पिवळसर भुशाची लहानशी रास आढळली. ती झटकली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. वर पाहिले, तेव्हा चिडाच्या तुळईला खालच्या अंगाने, सुताराने गिरमिट चालवून पाडावे असे, गोल भोक दिसले. आत कुरकुर चालू होती. शेजाऱ्यांनी सल्ला दिला की, औषध फवारून भोक बुजवून टाका, पाच मिनिटांचे काम आहे. विषाचा फवारा मनाला पटेना. म्हणून मी नुसतीच लांबी भरून भोक बंद केले आणि आपण जीवदया पाळली, अशा समाधानात राहिलो. रात्री झोपाळ्यावर बसलो असता तुळईतून ओरखडल्याचा आवाज येऊ लागला. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “विष घातले नाही, पण दार लावून घेतले, यात फरक कोणता?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. विजेरीच्या उजेडात ओली लांबी खरडून काढली. पहाटे तो जीव बाहेर पडून उडून गेला.

तो जीव म्हणजे लाकूड पोखरणारा काळा भुंगा. अंगठ्याच्या पेराएवढा, चकचकीत काळा, पंखांवर निळी-जांभळी झाक आणि उडताना मोठा गुंजारव. काहींच्या पाठीवर पिवळी लव असते. घराभोवती घिरट्या घालून आपल्या तोंडासमोर येणारा बहुधा नर असतो आणि त्याला नांगीच नसते. मादीला नांगी असते. परंतु हाताने पकडल्याखेरीज किंवा डिवचल्याखेरीज ती सहसा डंख करीत नाही.

याच्या खुणा ओळखणे अगत्याचे आहे, कारण चुकीच्या निदानावर चुकीचा उपाय होतो. वाळवी मातीच्या नळ्या बांधते. घुणीची छिद्रे टाचणीएवढी असतात व त्यांतून पिठासारखी भुकटी पडते. भुंग्याचे भोक मात्र बोट जाईल एवढे व अगदी वाटोळे असते. खाली जाडसर भुसा पडतो आणि जवळच्या भिंतीवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. भोक थोडे आत सरळ जाते, मग काटकोनात वळून लाकडाच्या रेषेबरोबर वीतभर किंवा अधिक लांब बोगदा होतो. भुंगा लाकूड खात नाही. मादी त्या बोगद्यात पराग व मधुरस यांचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते, भुशाची भिंत उभारून खोली बंद करते आणि पुढची खोली सुरू करते. म्हणजे एक भोक बुजवल्याने एक नव्हे, अनेक जीव कोंडले जातात. तत्त्वार्थसूत्रात चार इंद्रियांच्या जिवाचे उदाहरण म्हणून भ्रमरच सांगितला आहे, याचे स्मरण मला ती लांबी भरताना झाले नाही, याची खंत वाटते.

त्याच सूत्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे. माझा प्रमाद नेमका कोणता? तीन वर्षांपूर्वी तुळई बसवली तेव्हा तिला वॉर्निश करण्याचा किरकोळ खर्च मी पुढे ढकलला. भुंग्याला कोरडे, उघडे, मऊ लाकूडच पसंत असते. रंगवलेल्या लाकडाकडे तो क्वचितच वळतो. व्यापारी घरांत हप्ता थकल्यास व्याज भरावे लागते, हे कोणाला सांगायला नको. येथे हप्ता मी थकवला आणि व्याज मात्र एका मुक्या जिवाकडून वसूल होणार होते.

आता उपायांविषयी. घर, दुकान व गोदाम येथील तुळया, चौकटी, वासे यांना सर्व बाजूंनी, विशेषतः खालच्या अंगाने व कापलेल्या टोकांना, रंग किंवा वॉर्निश द्यावे. भोक पडलेच असेल, तर घाई करू नये. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण दीड-दोन महिने जातात. तेवढा काळ जाऊ द्यावा. नंतर सायंकाळी भोकाच्या तोंडाशी कागदाचा सैल बोळा ठेवावा. तो बाहेर ढकललेला आढळला, तर आत वस्ती आहे असे समजावे. बरेच दिवस बोळा जागेवर राहिला व ये-जा थांबली, म्हणजे लाकडी खुंटी व लांबी भरून वर रंग द्यावा. हे टाळल्यास पुढची पिढी तेच घर वाढवते. एक-दोन भोकांनी तुळई कोसळत नाही. परंतु वर्षानुवर्षे पोखरलेली तुळई सुताराला अवश्य दाखवावी.

आणि त्याला दुसरी जागाही द्यावी. एका टोकाला पेर बंद असलेले, हातभर लांबीचे बांबूचे तुकडे जुडी बांधून परसात पावसापासून आडोशाला आडवे टांगावेत. हा भुंगा निरुपयोगी नाही. रुईच्या फुलांचे परागीभवन मुख्यत्वे याच्याकडूनच होते. तुरीच्या फुलांवरही तो आवडीने येतो. आपल्यापैकी कित्येकांच्या पेढ्या तुरीच्या डाळीवर उभ्या आहेत.

आमच्या जुडीतील दोन बांबूंत यंदा वस्ती झाली आहे. झोपाळ्याची तुळईही वॉर्निश होऊन झळकते आहे. येत्या दिवाळीत आपल्याकडे रंगारी येईल, तेव्हा भिंतींच्या आधी त्याला तुळयांची खालची बाजू दाखवावी, एवढीच विनंती.