मागे ओटला आहे

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, छत्र्यांजवळच्या आमच्या बोळात, भिंतीवर चेंडू मारत मी टेनिस शिकलो. रॅकेट जरा मागे गेली की पाठीमागच्या ओटल्यावर आपटायची आणि आजी आतून ओरडायची. त्यामुळे बॅकस्विंग आखूडच राहिला. पुढे मोकळ्या कोर्टावर लांब वळणाचा फोरहँड शिकवला गेला, तो कधी मानवला नाही. लांब बॅकस्विंगचा फायदा उघड आहे, रॅकेटला वेग घ्यायला अंतर मिळतं. २००९ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात डेल पोत्रोच्या फोरहँडनं फेडररलाही घाम फोडला होता. पण लांब बॅकस्विंगला वेळ लागतो, तो मातीच्या संथ कोर्टावर मिळतो. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस अर्ध्या सेकंदाच्या आसपास अंगावर येते; तिथे खांदे वळवायचे, रॅकेट जेमतेम मागे न्यायची आणि समोरच्याचाच वेग त्याला परत करायचा. अगासी तेच करायचा. आपला रमेश कृष्णन तर चहा ढवळतोय असं वाटायचं, पण १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या विलँडरला दुसऱ्याच फेरीत घरी पाठवलं. अर्थात आखूड म्हणजे नुसतं ढकलणं नव्हे (माझं तेच होतं). चेंडू सावकाश, उंच आला की आखूडवाला फसतो, कारण आता वेग स्वतःच्या घरून आणायचा असतो. परवा तसाच एक लोंबता चेंडू आला. हौसेनं रॅकेट पार पाठीमागे नेली, निम्म्यात हात आपोआप थबकला, आणि चेंडू जाळीच्या तळाशी.