ट्रॅक्टर आमचा, कुलूप कंपनीचे
शेतकरी भावांनो, जुन्या ट्रॅक्टरचा बिडाचा भाग फुटला तर शिरोली एमआयडीसीच्या फाउंड्र्यांत नमुन्यावरून तसाच ओतून घेता येतो. व्हॉल्व्हचा गॅप तर फीलर गेज घेऊन आपल्या तालुक्याचा मिस्त्रीही लावतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागले. डिझेल किती सोडायचे ते आता बहुधा ईसीयू नावाची पेटी ठरवते. धूर कमी व्हावा, आमची ना नाही. पण बिघाडाचा कोड वाचणारे यंत्र कंपनीच्याच माणसाकडे असेल, तर वापशाचे चार दिवस त्याची वाट पाहण्यात जायचे. सरकारने २०२२ साली 'राईट टू रिपेअर' पोर्टल काढले, शेतीयंत्रेही त्यात घातली. पोर्टलवर पेरणी होत नाही! कोड वाचायची सोय मिस्त्रीला द्या, नाहीतर पावतीवर 'विकला' खोडून 'भाड्याने दिला' लिहा.