वंशावळीत आजी कुठे आहे?



गेल्या दोन-तीन वर्षांत घरोघरी जुने कागद बाहेर निघाले आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हापासून कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, मोडी वाचणारा माणूस हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आले. त्याच वाऱ्यावर आपल्या जैन घरांतही वंशावळीची हौस आली आहे. कुणी तक्ता छापून घेतो, कुणी गृहप्रवेशाच्या दिवशी तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावतो.

हौस चांगली आहे. पण अशा तक्त्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. आमच्या सासरच्या तक्त्यात सात पिढ्या आहेत, त्रेचाळीस नावं आहेत आणि त्यात एकही बाई नाही. हे त्रेचाळीस जण कुणाच्या पोटी जन्मले, ते तक्त्यावरून कळत नाही. घरातल्या लेकी कुठल्या गावी गेल्या, तेही कळत नाही. माझ्या मते अशी वंशावळ अर्धवटसुद्धा म्हणता येणार नाही, ती चुकीचीच आहे. आणि निदान आपल्या समाजात तरी 'बायकांची नावं सापडतच नाहीत' ही सबब चालणार नाही.

आधी एका आक्षेपाचं उत्तर द्यायला हवं. आमच्या मंदिरातल्या एक काकू म्हणतात, "आत्म्याला कुठलं आलंय कूळ? हा सगळा मोहच की!" त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. आपल्या पुराणांत वंशावळीपेक्षा भवावळीला जास्त मान आहे. आज राजा असलेला जीव मागच्या भवात कोण होता, हे आचार्य सांगत बसतात. आठ मदांमध्ये कुलमद आहेच. सात पिढ्यांची फ्रेम पाहुण्यांना दाखवण्यासाठी लावली असेल, तर काकूंचं बरोबर आहे. पण ज्यांनी आपल्याला णमोकार शिकवला, रात्री न जेवण्याची सवय लावली, पाणी गाळून प्यायला शिकवलं, त्यांची नावं आठवणं याला मी मोह म्हणणार नाही. ती कृतज्ञता आहे. आणि हे सगळं शिकवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या.

आता शोधायचं कुठे? आपल्या हिंदू शेजाऱ्यांना पंढरपूरला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. आपण पिंडदान करत नाही, त्यामुळे ती वाट आपल्याला फारशी उपयोगी नाही. सीमेकडच्या गावांत बैलावर बसून येणारे हेळवी काही घराण्यांची नावं वाचून दाखवतात. तुमच्या मूळ गावी ते येत असतील तर जरूर भेटा. पण आपल्या नोंदी मुख्यतः तीन ठिकाणी आहेत : घरात, मंदिरात आणि ग्रंथालयात.

घरातली पहिली नोंद म्हणजे सुतक. हसू नका! तीन पिढ्यांपर्यंत बारा दिवस, चौथ्या पिढीला दहा, पाचव्या पिढीला सहा असा हिशेब आपल्या घरांत चालतो. तो लावायचा तर मेलेला माणूस आपल्यापासून कितव्या पिढीवर आहे, हे कुणालातरी ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक कुणाला असतं? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला. माझ्या सासूबाई चुलत-चुलत सासऱ्यांपर्यंतची नाती बोटांवर मोजतात. तक्ता छापणाऱ्यांपैकी एकानेही त्यांना काही विचारलं नव्हतं.

दुसरी नोंद माळ्यावर आहे. जुनी पितळी पातेली, तांब्याचे हंडे, स्टीलचे डबे खाली काढा आणि कडेवरची अक्षरं वाचा. कुणाच्या लग्नात, कुणी, कधी दिलं ते त्यावर कोरलेलं असतं. लग्नात नाव बदलायची रीत असल्यामुळे कागदावर आजीचं माहेरचं नाव हरवतं. मामाने दिलेल्या हंड्यावर मात्र निदान मामाचं आडनाव आणि गाव सापडतं. मोडीत घालण्याआधी प्रत्येक भांड्याचा फोटो काढून ठेवा.

मंदिरात तर खजिना आहे. मूर्तीच्या पीठावरच्या लेखात बहुधा आधी संवत असतो. मग संघ, गण, गच्छ, भट्टारकांचं नाव, दात्याची ज्ञाती, कधी गोत्र. आणि पुढे दात्याच्या नावानंतर 'भार्या' म्हणून त्याच्या बायकोचं नाव, मग मुलांची नावं. चार-पाचशे वर्षांपूर्वी धातूवर कोरणाऱ्याला जे सुचलं, ते आजच्या छापखान्यात सुचत नाही! विक्रम संवतातून 57 किंवा 56 वजा केले की इसवी सन मिळतो. शक दिला असेल तर 78 मिळवायचे. भट्टारकांच्या नावावरून शाखा कळते. हुंबडांचा संबंध इडरच्या गादीशी, आम्हा सैतवाळांचा लातूरच्या गादीशी. ही नावं जुळवायला विद्याधर जोहरापूरकरांचा 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ आहे. तो 1958 मध्ये आपल्याच सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रसिद्ध केला.

इथे एक सावधगिरी सांगते. मूर्तीवर संवत 1548 आणि जीवराज पापडीवाल हे नाव दिसलं, तर 'आमचे पूर्वज सापडले' म्हणून पेढे वाटू नका. या श्रावकाने मुडासा शहरी भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते असंख्य मूर्तींची प्रतिष्ठा करवली आणि त्या देशभरातल्या मंदिरांत पोचल्या. मूर्ती आपल्या गावात आहे म्हणून दाता आपल्या गावचा, असं होत नाही. अशा वेळी मूर्तीपेक्षा छत्र, चवरी, आरतीचं ताट, शास्त्राची चौकी यांच्याकडे बघा. ही उपकरणं बहुधा गावातल्याच कुणीतरी व्रताच्या उद्यापनाला दिलेली असतात, आणि उद्यापनं कोण करतं ते तुम्हाला सांगायला नको. हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटीही पाहा. पोथी कुणासाठी लिहवून घेतली, ते प्रशस्तीत असतं, आणि व्रत पूर्ण झाल्यावर शास्त्रदान करणाऱ्या श्राविका तिथे नावानिशी भेटतात.

मंदिरात मात्र परवानगीशिवाय काही करू नका. लेखावर पीठ, रांगोळी, खडू चोळू नका. टॉर्च आडवा धरला की अक्षरं आपोआप उठून दिसतात.

तिसरी जागा ग्रंथालय. हिराचंद नेमचंद यांनी एकोणिसाव्या शतकात सोलापुरातून 'जैनबोधक' सुरू केलं. समाजाच्या अशा जुन्या मासिकांत देणगीच्या याद्या, लग्नाच्या आणि निधनाच्या बातम्या चाळता येतात. 1914 ची दिगंबर जैन डिरेक्टरी पाहिली तर कुठल्या गावात आपल्या ज्ञातीची वस्ती होती याचा अंदाज येतो. सोलापुरातच जन्मलेल्या डॉ. विलास संगवे यांनी 1959 च्या आपल्या ग्रंथात जैनांच्या ज्ञातींचा जो अभ्यास मांडला, तोही वाचावा. शाळेच्या रजिस्टरमध्ये मुलीचं नाव वडिलांच्या नावासह असतं. म्हणून आजी चार इयत्ता जरी शिकली असेल, तरी तिची शाळा शोधा. पंडिता सुमतीबाई शहांच्या श्राविका संस्थेत शिकलेल्या किती आज्या आपल्या सोलापुरात आहेत! त्यांना विचारायला तर कुठलं रजिस्टरही लागत नाही.

आता जरा नाजूक विषय. बायकांची नावं गाळायचं कारण विचारलं की उत्तर येतं, "वंश मुलाकडून चालतो." खरंच तसंच चालत आलंय का? 1878 मध्ये शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अगरवाल जैनांचा एक रिवाज मान्य केला. निपुत्रिक विधवा नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेऊ शकते, आणि लेकीच्या मुलालाही घेऊ शकते. म्हणजे जिथे असं दत्तक झालं, तिथे तक्त्यावरची सरळ रेघ एका लेकीतून पुढे गेली. तो दत्तक घेणारी बाईही निर्णय करणारी होती. तिचं नाव गाळून रेघ सरळ दाखवणं हे खोटं बोलणंच झालं. आपल्या अणुव्रतांत सत्यही आहे, ते फक्त दुकानापुरतं नाही.

पण सत्याबरोबर अहिंसाही सांभाळायची असते. शोधताना कुणाचं दत्तकविधान, कुणाचं दुसरं लग्न, कुणाचं घर सोडून जाणं हाती लागतं. ज्यांचं आहे ती माणसं किंवा त्यांची मुलं हयात असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. वहीत लिहा, वही कपाटात ठेवा.

हे सगळं आत्ताच का सांगते आहे? कारण आपल्याकडे जीर्णोद्धार जोरात चालू आहेत. एका गावात मी स्वतः पाहिलं : देणगीदारांची नावं कोरलेल्या जुन्या फरश्या काढून मागच्या अंगणात रचल्या होत्या आणि त्यातल्या काहींचा पायरीसाठी वापर झाला होता. नवी संगमरवरी पाटी लागली, तिच्यावर नवी नावं आली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या विधवा आजीने साठवलेले पैसे देऊन ती फरशी बसवली, तिची जगातली एकमेव नोंद पायाखाली गेली. विश्वस्तांनी काम सुरू होण्याआधी प्रत्येक लेखाचा फोटो काढून नक्कल लिहून ठेवावी, असा ठराव प्रत्येक मंदिराने करायला हवा. त्याला फार खर्च येत नाही. दोन कॉलेजच्या मुली आणि एक रविवार पुरतो.

आणि घरापुरतं म्हणाल तर या दशलक्षणात एक करा. कागद घ्या, मधे स्वतःचं नाव लिहा. वर आई आणि वडील दोघांची नावं, त्यांच्यावर दोन्ही आज्या आणि दोन्ही आजोबा. आजीचं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव लिहिल्याशिवाय पुढची पिढी लिहायची नाही, एवढा एकच नियम. जिथे अडेल तिथे घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा, आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करायला तिची परवानगी घ्या. तिला आठवेल. आजवर तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिने सांगितलं नाही, इतकंच.