सांगलीकरांची समुद्रस्वारी

कृष्णामाईने समुद्राशी फारकत घेतली ती जन्मतःच. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली सावित्री शहाण्या मुलीसारखी पश्चिमेचा उतार धरते आणि बाणकोटाला सागराच्या स्वाधीन होते. कृष्णेचे तसे नाही. अरबी समुद्र अवघा साठ-पासष्ट किलोमीटरवर असताना ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली असे करीत सुमारे चौदाशे किलोमीटरांची पायपीट करून पार बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तिच्या काठच्या आम्हा सातारा-सांगलीच्या माणसांत हा गुण पुरेपूर उतरला आहे. पोहायला आम्ही नदीतच शिकतो, पाठीला डबा बांधून. आणि त्या पोहण्याचा अभिमान आयुष्यभर बाळगतो. समुद्र म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला जायचे, देवदर्शन करायचे, लाटांत पावले भिजवायची आणि कपड्यांतली वाळू झटकत घरी परतायचे, एवढाच आमचा परिचय.

अशा घराण्यात एका मुलीने लाटेवर उभे राहण्याचा छंद धरावा, याला काय म्हणावे?

ही मुलगी म्हणजे आमची भाची. २०१९च्या जूनमध्ये नोकरीनिमित्त ती जपानला, योकोहामा शहरी गेली. शनिवारी सुट्टी असली की कुगेनुमा नावाच्या किनाऱ्यावर जाऊन ती हातभर रुंद आणि दीड पुरुष लांब फळीवर पालथी पडते, लाट आली की झटक्यात उभी राहते आणि किनाऱ्यापर्यंत तरंगत येते. याला सर्फिंग म्हणतात. हवाई बेटांवरचे लोक हा खेळ शेकडो वर्षे खेळत आले; अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन कुकच्या गलबतांवरचे गोरे खलाशी तो पाहून थक्क झाल्याचे नमूद आहे. तिची छायाचित्रे आली की दाजी ती शेजाऱ्यांना दाखवीत आणि आमची ताई उठून स्वयंपाकघरात जाई.

ताईचे कारण सांगितले पाहिजे. भाची गेली त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ताईचे घर गावभागात. दोन रात्री ती आणि दाजी माडीवर बसून होती आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जाताना मोजत होती. तिसऱ्या दिवशी होडीतून त्यांना बाहेर काढले. त्याच पुरात ब्रह्मनाळला बचावाची होडी उलटून माणसे बुडाली, ती बातमी तिला होडीतून उतरल्यावर कळली. तेव्हापासून ताई घाटावर गेलेली नाही. पंधरा मिनिटांच्या वाटेवर नदी. पण ओटी भरायची तर दाजींच्या हाती पाठवते. लेकीकडे जायचा विषय निघाला की आधी साथीचे निमित्त होते, मग दाजींच्या गुडघ्याचे झाले, मग घराच्या रंगाचे. खरे कारण सगळ्यांना ठाऊक होते. लेक पाण्याच्या काठाशी राहते आणि सुट्टीच्या दिवशी आपण होऊन त्या पाण्यात शिरते.

यंदा गणपतीत भाचीने निर्वाणीचे सांगितले, “आई, पुढच्या मे महिन्यात तू येतेस. तुला लाटेवर उभी करीत नाही. फळीवर नुसती बसवते.” ताई काही बोलली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. दाजींनी संधी साधून चौकशीचे काम माझ्या गळ्यात घातले. “तू प्राध्यापक माणूस. वाचून काढ आणि तुझ्या बहिणीला समजेल अशा मराठीत सांग.” गेले दोन महिने मी मर्ढेकर आणि समुद्रविज्ञान अशी दोन्ही पुस्तके उशाशी घेऊन झोपतो आहे.

पहिली गोष्ट लाटेची. नदीकाठच्या माणसाची समजूत अशी की लाट येते म्हणजे पाणी येते. पुरात ते खरेच आहे. समुद्रात तसे होत नाही. दूर कोठे तरी, शेकडो मैलांवर, वारा पाण्याला रेटतो. ती रेट पुढे सरकत राहते आणि पाणी बहुतेक जागच्या जागी वरखाली गिरकी घेते. जोंधळ्याच्या शेतावरून वाऱ्याची झुळूक धावावी आणि ताटे मात्र जागेवरच राहावीत, तसे. किनारा जवळ आला की तळ उथळ होतो, लाटेचा पाय अडखळतो, माथा पुढे निघतो आणि कोसळतो. आता तळ एकदम चढता असेल तर लाट भिंतीसारखी उभी राहून धाडकन आदळते. तळ सपाट, वाळूचा, हळूहळू चढणारा असेल तर ती वरच्या टोकाने फेसाळत सावकाश ढासळते. दुधाला उकळी येणे आणि दूध उतू जाणे यांत जो फरक तोच या दोहोंत. नवशिक्याला हवी ती ढासळणारी लाट.

कुगेनुमाची लाट या जातीची. किनारा फुजिसावा शहराला लागून, सागामी उपसागरावर. तळाला खडक नाही, वाळू आहे. आणि पूर्वेच्या टोकाला एनोशिमा नावाचे डोंगराळ बेट आडोशाला उभे आहे. टोकियोच्या शिंजुकू स्थानकावर आगगाडीत बसले की तासा-सव्वा तासात माणूस या वाळूवर उतरतो. कचेरीतले कारकून सुट्टीच्या सकाळी फळ्या घेऊन जातात ते इथेच. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१च्या जुलैमध्ये, हा खेळ प्रथमच खेळला गेला; पण तो इकडे नव्हे, चिबा प्रांतात त्सुरिगासाकीला, उघड्या प्रशांत महासागरावर.

हे ऐकून ताईने विचारले, “त्यांना भाचीबाईंचा किनारा का नको झाला?”

“इथल्या लाटा लहान पडल्या असत्या.”

“मग बरे,” ताई म्हणाली. जपानविषयी तिच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द.

पण दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. ताईंच्या दिवाणखान्यात कोणा औषधवाल्याची एक जुनी दिनदर्शिका आहे; तिच्यावर होकुसाईचे ते जगप्रसिद्ध चित्र. वाघनखांसारखे फेसाचे पंजे उगारलेली निळी लाट, तिच्याखाली तीन होड्या, होड्यांत जीव मुठीत धरून वाकलेले नावाडी आणि मागे एवढासा फुजी पर्वत. खाली नाव होते: ‘कानागावाजवळची महालाट’. आणि भाचीच्या पत्त्यात प्रांताचे नाव कानागावा! मला सातारला दूरध्वनी आला. मी समजावले की हे चित्र १८३१ च्या सुमाराचे, चित्रकाराच्या कल्पनेतले, त्यातले कानागावा म्हणजे आजच्या योकोहामातले जुने मुक्कामाचे ठिकाण. पटले की नाही कोण जाणे. दिनदर्शिका मात्र भिंतीवरून उतरली आहे.

दाजींचे वेगळे. त्यांचे मत असे की ज्याने ऐन जवानीत आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात उड्या टाकल्या त्याला समुद्र काय शिकवणार? (सांगलीत ही उडी मारलेले इतके लोक भेटतात की पुलावर रांग लागत असावी.) मी त्यांना किनाऱ्याच्या ओढीविषयी सांगितले. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून वेगाने आत धावते. तो पट्टा वरून शांत दिसतो, लाटा फुटत नाहीत, म्हणून अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. गणपतीपुळ्याला आपल्या घाटावरची चांगली पोहणारी माणसे बुडाल्याच्या बातम्या वारंवार वाचतो, त्या बहुधा याच ओढीच्या. ती माणसाला खाली खेचत नाही. फक्त आत नेते. माणूस घाबरून किनाऱ्याकडे तोंड करून हात मारतो, दमतो, आणि मरतो तो दमल्यामुळे.

“मग करायचे काय?” दाजींनी विचारले.

“किनाऱ्याला समांतर, आडवे पोहायचे. पट्टा रुंद नसतो. बाहेर पडले की लाटाच परत आणतात. पोहवत नसेल तर नुसते तरंगायचे आणि हात वर करायचा.”

दाजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, “म्हणजे पुरातलेच की! धारेशी कोण भांडतो? तिरका निघालास की हरिपूरला का होईना, काठाला लागतोस.” वाचकहो, मी आठ दिवस वाचून जे सांगितले ते त्यांच्या अंगात पन्नास वर्षांपूर्वीच मुरलेले होते. ताई दारात उभी राहून हे ऐकत होती. तिने दाजींना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले, आणि हरिपूरला कुठल्या झाडाशी लागायचे तेही विचारले.

महिना कोणता, यावर फारसा वाद झाला नाही. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानात सलग सुट्ट्या येतात. त्याला ‘गोल्डन वीक’ म्हणतात. तेव्हा गाड्यांना आपल्या गणपतीतल्या कोकणासारखी गर्दी. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडचा पावसाळा बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये किनारा पोहणाऱ्यांनी फुलून जातो आणि फळीवाल्यांना वेगळी हद्द नेमून दिलेली असते. पुढे ऑक्टोबरपर्यंत वादळांचे दिवस. राहता राहिला मेचा उत्तरार्ध, म्हणजे नेमकी माझी उन्हाळी सुट्टी. पाणी तेव्हा वीस अंशांच्या आसपास, आपल्याला चांगलेच गार; म्हणून अंगाला चिकटणारा रबरी पोशाख भाड्याने घ्यायचा. त्यात शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उबेने तापते, पण थंडी अडवते ते मुख्यतः पोशाखाचे रबरच. ताईने त्या पोशाखाचे छायाचित्र पाहिले आणि नऊवारीवरून तो चढेल का, असे विचारले. भाची अजून हसते आहे.

भरतीचे गणित मी कोकणातल्या पद्धतीने मांडून ठेवले होते. आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची. चंद्र जपानातही हाच, तेव्हा उधाण त्याच तिथीला. पण घड्याळाची वेळ तिकडे जुळत नाही, स्थानिक वेळापत्रकच पाहावे लागते. नवशिक्याने उधाणाचे दिवस टाळावेत, इतकेच पंचांग पुरे.

भूकंपाचा प्रश्न ताईने नव्हे, माझ्या बायकोने काढला. बरोबरच आहे, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने आमचा जिल्हा हलवला, त्याच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. सागामी उपसागराने १९२३ साली मोठा भूकंप आणि त्यामागून आलेली त्सुनामी, दोन्ही पाहिले आहे. किनाऱ्यावर उंच जागेकडे नेणाऱ्या वाटांच्या पाट्या आहेत. पाण्यात असलेल्याला भोंगा ऐकू येत नाही, म्हणून २०२० पासून तांबड्या-पांढऱ्या चौकटींचे निशाण दाखवतात. नियम एकच: जमीन हलली की फळी, चपला, डबा, सगळे टाकून चढाकडे चालू लागायचे.

एवढे सगळे सांगूनही ताई तयार झाली ती दुसऱ्याच गोष्टीने. ते आडोशाचे बेट, एनोशिमा, तिथे बेंझाइतेनचे प्रसिद्ध देऊळ आहे. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे ती जपानला पोचली. हातात वीणेच्या जातीचे ‘बिवा’ नावाचे वाद्य, आणि राहायला पाण्याचा काठ. जपान्यांनी तिची देवळे तळी, नद्या, बेटे अशाच ठिकाणी बांधली, कारण ती मुळात नदी आहे हे ते विसरले नाहीत. आपण तिला पुस्तकात आणि पाटीवर बसवले. मी हे सांगत असताना ताई गप्प होती. मग म्हणाली, “नदीच आहे म्हणायची, आणि समुद्रात जाऊन राहिली.”

त्यानंतर तिने पारपत्राच्या अर्जावर सही केली.

मधल्या काळात एक रंगीत तालीम ठरली आहे. डिसेंबरात गोवा एक्सप्रेसने जायचे. मी सातारला चढणार, ही दोघे सांगलीला, आणि रात्रभराच्या प्रवासानंतर मडगाव. तिथून मोटारीने उत्तरेला मांद्रे-आश्वे-हरमलच्या बाजूला. त्या दिवसांत लाटा मवाळ असतात, फळी शिकवणारे आहेत, आणि २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षकांची चांगली व्यवस्था आहे. तांबडे निशाण असेल तर पाऊल टाकायचे नाही. तांबड्या-पिवळ्या निशाणांच्या मध्येच उतरायचे. दाजी फळी घेणार म्हणतात. ताई वाळूवर बसणार.

मेच्या बाबतीत तिच्या अटी ठरल्या आहेत. आधी बेंतेनचे दर्शन, मग लाट. लेक फळीवर असेल तेव्हा तिने डोळे मिटायचे नाहीत, असे भाचीने कबूल करून घेतले; आणि त्याच्या बदल्यात ताई लेकीचा हात धरून गुडघ्यापर्यंत पाण्यात येणार. गुडघा कुणाचा, यावर मात्र मायलेकींचे अजून जमलेले नाही. भाची बापावर गेली आहे, चांगली उंच आहे.